झाकणाची तार

अहो,

अप्पांना सरस्वतीपुरमच्या दवाखान्यात ठेवलंय. मी कपडे न्यायला आले होते, परत निघते. सकाळी ते तुमच्या लाकूड कापायच्या मायटर सॉमधला भुसा झाडायला गेले. प्लग लावलेला होता, बटण दाबलं गेलं आणि पातं हाताला लागलं. टाके पडले, पण बोटं वाचली.

प्लग मी काढून ठेवलाय. भुसा झाडताना, पातं बदलताना तो काढलेलाच असू दे. पात्याचं झाकण वरच राहावं म्हणून तुम्ही बांधलेली तारही कापून टाकली. आता झाकण आपोआप खाली येतं.

अप्पा म्हणतात, "चूक माझीच, चिदंबरला सुम्ने, उगाच बोलू नकोस."

तारेचं त्यांना मी सांगितलेलं नाही. तुम्ही या आणि सांगा.

तुळसी