पाठ नसलेली अक्षरं

गुरुवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मी मजेत आहे. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

आधी हिशेब. 'अ‍ॅक्नॉलेजमेंट' हा एक शब्द गेल्या आठवड्यात मला काय भावाला पडला सांगतो: शर्टभर सांडलेला चहा, समोरून उठून गेलेलं जुनं गिऱ्हाईक आणि माझ्या डोक्याचा एक फोटो. फोटोवर नंतर येतो.

आपला खेळ तू विसरणार नाहीस. बोर्डांसाठी कापलेली इंग्रजी अक्षरं उरायची. त्यातली दोन तू माझ्यापुढे टाकायचीस आणि ती ज्यात आहेत असा लांबात लांब शब्द मी शोधायचा. शाळा अर्ध्यात सुटली, पण इंग्रजी मी असं, पाट्या रंगवता रंगवता कमावलं. तू लग्न होऊन गेलीस आणि खेळ रविवारच्या फोनवर आला. 'व्ही, डब्ल्यू' म्हणालीस की मी 'ओव्हरव्हेल्मिंगली' फेकायचो. तू म्हणायचीस, "पुरे, शेफारू नकोस."

गेल्या महिन्यात तू 'के, डब्ल्यू' दिलंस. मी 'वॉक' म्हणालो.

"एवढासाच? दुकानातला माल संपला की काय?" तू हसलीस. मी लाइनला दोष दिला. नंतर तुझे फोन उचलले नाहीत, दुकानात गर्दी आहे म्हणून निरोप धाडले. गर्दी नव्हती, ताई. शब्द दिसत होता, त्याची लांबीही दिसत होती, तोंडातून मात्र पुन्हापुन्हा 'वॉक'च येत होतं. गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकाशी बोलताना नेमका तोच शब्द, 'अ‍ॅक्नॉलेजमेंट', हवा होता. तो आला नाहीच, उजव्या हातातला कपही सुटला.

फोटोत गाठ निघाली. सोमवारी सकाळी काढायची आहे. बोलण्याची जी जागा असते डोक्यात, तिला चिकटून बसलीय. म्हणून डोकं उघडल्यावर मला जागं करणार. मी बोलत राहायचं, मोठ्या डॉक्टरांनी काढत राहायचं. माझा शब्द अडला की त्यांचा हात थांबणार.

"घाबरला नाहीत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! मला सोबतसुद्धा लागत नाही. एकटा येतो, एकटा आत जातो."

मी बाहेर पडलो, दार लागता लागता ते मदतनिसाला म्हणाले, "बोलण्याच्या जागेच्या अगदी कडेला आहे रे." माझे कान तुला ठाऊक आहेत. या वेळी नसते तर बरं झालं असतं.

आत माझ्याशी बोलायला एक बाई असतील. बोलणं तपासणं हेच त्यांचं काम. मी त्यांना अक्षरबाई म्हणतो. त्यांना आपला खेळ सांगितला, तर खूश झाल्या. मराठीत गप्पा मारायच्या आणि इंग्रजीसाठी हा खेळ, असं ठरलं. त्यांनी अक्षरांच्या जोड्या काढल्या आणि शेजारच्या खोलीत कुणाला तरी वाचून दाखवल्या. मधे फळीची भिंत. झालं! एकूण एक जोडी टिपली, घरी डिक्शनरी घेऊन बसलो, उत्तरं घोकली. काल रंगीत तालीम होती. बाईंचं 'पी, वाय' म्हणून होतंय तोवर मी 'फिजिओथेरपिस्ट'!

बाईंनी पेन खाली ठेवलं. "काका, हे पाठ करून आलात?"

"मग काय, नापास होऊ?"

"पाठ केलेलं वेगळ्या वाटेनं येतं. तुम्ही धडाधड बोलत राहाल, डॉक्टरांना वाटेल सगळं ठीक चाललंय, आणि ते पुढे कापत जातील."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आत त्याच्या मनातलं ओळखायचं, या एका जोरावर मी दुकान उभं केलं. त्याच हुशारीनं सोमवारी माझं बोलणं गेलं असतं, तेही शाबासकी घेत घेत.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्याशी नेहमी खेळणारं कुणी आहे का? तुम्ही एरवी कुठे रेंगाळता, ते मला कसं कळणार?"

तेव्हापासून हे पत्र मनात लिहितोय. फोन केला असता तर पहिल्या वाक्यालाच तुला कळलं असतं. कागदावर शब्द शोधायला वेळ मिळतो. या पत्राला सकाळच्या नाश्त्यापासून जेवणापर्यंतचा वेळ लागला.

मरायचं भय वाटतं, पण त्याहून एक मोठं आहे. सगळं ऐकू येईल, तू काय म्हणतेस ते कळेल, आणि मला परत काही म्हणता येणार नाही. हे कान घेऊन मुकं बसायचं.

तू येऊ नकोस, तुझे गुडघे दुखतात, असं लिहिणार होतो. ये. ऑपरेशनच्या शेजारच्या खोलीत स्पीकरवर आतलं बोलणं ऐकू येतं, तिथून आत बोलताही येतं. तिथं बसून तू बाईंना सांगायचं, हा नेहमीसारखा रेंगाळलाय की खरंच अडलाय. ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. आणि अडलो असं वाटलं की "थांबा" म्हण, भिऊ नकोस. गाठीचा तुकडा राहिला तरी चालेल.

खेळासाठी नवी अक्षरं तूच वाटेत काढ. मला एकही सांगू नकोस. तुझ्या भावजयीलाही नको, घरात कुजबुज केलीत तरी मला ऐकू येतं.

मी आंघोळीला गेलो की ती बिचारी सध्या न्हाणीघराबाहेर उभी असते, पडलो-बिडलो तर म्हणून. मी दार आतून लावत नाही.

तुझा,
बारक्या