तांदूळ, मुंग्या आणि ह्यांचा उजवा डोळा

३ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीने पाठवलेली बरणी आज शेवटी उघडली. वाढदिवसाला आली होती, तेव्हापासून मोज्यांच्या कप्प्यात पडून होती. तांदळाचा मास्क. रात्री लावायचा, सकाळी धुवायचा. झाकणावर लिहिलंय – 'सात रात्रींत काचेसारखी त्वचा'. काचेसारखी! म्हणजे आतलं सगळं दिसणार. या वयात आतलं कोणाला बघायचंय?

उघडली ती नणंदबाईंच्या कृपेने. ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन अठरा तारखेला ठरलं – सहा वर्षं टाळत होते! – म्हणून दुपारी भावाला भेटायला आल्या. चहा पिऊन कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "दादाला आता सगळं स्वच्छ दिसेल. घड्याळ, पेपर, कोपऱ्यातली कोळिष्टकं..." मग माझ्याकडे वळून, "आणि तू गं, वहिनी!"

हसल्या. मीही हसले. शाळेत शिकवलं होतं तसं, ओठ मिटून.

त्या जिना उतरल्या आणि मी मोज्यांचा कप्पा उघडला.

४ फेब्रुवारी, बुधवार

पहिली रात्र पार पडली. 'वाटाण्याएवढा घ्या' अशी सूचना आहे. माझ्या चेहऱ्याचा एकूण विस्तार बघता मी चमचाभर घेतला. दिवा मालवून पडते न पडते तोच हे उठून बसले.

"अगं, गॅस चालू राहिलाय का? भाताचा वास येतोय."

"नाही हो. झोपा."

झोपतात कुठले! भिंत चाचपत स्वयंपाकघरात गेले, एकेक बटण हाताने तपासून आले. पलंगावर बसून म्हणाले, "बंद आहे. पण वास इथेच जास्त येतोय."

सकाळी उशीचा अभ्रा गालाला चिकटलेला. गरम पाण्याने सोडवला. उजळपणा आलाय – अभ्र्याला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन रात्री झाल्या. अजून आरपार काही दिसत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

खरं काय ते इथे लिहून टाकते. दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही.

हे चाळीस वर्षं फोटो स्टुडिओत रिटचिंग करत होते. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. मुरूम, व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं – एकेक ठिपका देत सगळं भरून काढायचे. अख्ख्या गावाचे डाग ह्यांनी काढले. दुकानात त्यांना सगळे आर्टिस्ट म्हणायचे.

लग्नाआधी माझाही फोटो ह्यांच्याच टेबलावर आला होता. आईने बजावलं होतं, "मुलगी जरा उजळ करून द्या." ह्यांनी आठ दिवस ठेवून घेतला आणि तसाच परत दिला. काढण्यासारखं काही सापडलं नाही म्हणे! ही गोष्ट ह्यांनी लेकीला, जावयाला, दूधवाल्याला आणि परवा रक्त तपासणाऱ्या मुलीलाही सांगितली. माझं मत वेगळं आहे. त्या आठवड्यात दुकानात काम जास्त असणार.

पण ह्यांना काम करताना मी पाहिलंय. गिऱ्हाईक दारात आलं की ह्यांची नजर आधी डागावर जायची. 'या, बसा' नंतर. अर्धा सेकंद असेल फार तर. मग चेहरा सावरून म्हणायचे, "वा, छान येईल फोटो."

त्या अर्ध्या सेकंदाची मला धास्ती वाटते.

ह्यांनी मला शेवटचं नीट पाहिलं तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची होते. त्यानंतर दोन दाढा गेल्या, गाल आत गेले, दोन्हीकडे वांग आलं. हनुवटीला जोडीदारीण मिळाली. केस रंगवायचं चार वर्षांपूर्वी सोडलं, ते ह्यांना सांगितलेलं नाही. ह्यांच्या धुक्यात माझं सगळं कसं जागच्या जागी आहे! परवाच म्हणाले, "तुझे केस मात्र अजून काळेभोर आहेत हं." मी म्हटलं, "आमच्या घराण्यात तसंच आहे."

आता अठराला ते धुकं निघणार. निघायलाच हवं. जिन्यात दोनदा पडलेत. तरी मनात येतंच – आणखी थोडं राहिलं असतं तर?

इतकी का मी वाईट आहे?

११ फेब्रुवारी, बुधवार

बरणी संपली. लेकीला फोन केला.

"आई! महिनाभर पुरते ती!"

"पुरत असेल. तुझ्या चेहऱ्याला."

मग तिने घरी कसा करायचा ते सांगितलं. भात मऊ शिजवायचा, बारीक वाटायचा, त्यात थोडं दूध आणि मध. "पण आई, तुला अचानक हे काय सुचलं?" मी म्हटलं, "तूच पाठवलंस ना? वाया कशाला घालवायचं?" या वाक्यापुढे आमच्या घरात कोणाचंच काही चालत नाही.

केला. लावला. पहाटे हे ओरडतच उठले.

मुंग्या! पलंगाच्या पायापासून माझ्या उशीपर्यंत शिस्तीत रांग. शाळेच्या प्रार्थनेलाही आम्ही इतक्या सरळ कधी उभ्या राहिलो नव्हतो. आणि चावल्या कोणाला? ह्यांना! मला एकही नाही. मी यजमानीण ना.

"अगं, अंथरुणात काही खाल्लंस का?"

"हो. बिस्कीट."

"बिस्कीट? झोपेत?"

"भूक लागली होती."

चादर झटकेपर्यंत हे कोपर खाजवत उभे होते. खोटं बोलण्याची शिक्षा मला व्हायची, ती त्यांना झाली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मध बंद.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी चेहरा धुताना कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर आठवल्या. रोज फाटकाशी पांढरा रुमाल घेऊन उभ्या असायच्या. ज्या मुलीचा संशय येईल तिच्या गालावरून रुमाल फिरवायचा. पावडर निघाली की सगळ्यांसमोर नळाखाली तोंड!

मी एकदाच सापडले. नववीत. वक्तृत्व स्पर्धा होती, म्हणून आईच्या डब्यातली थोडी थापली होती. नळाखाली खूप रडले. मग सिस्टरनीच तो रुमाल पिळून माझं तोंड पुसलं – हळूहळू, कानांमागेसुद्धा. म्हणाल्या, "आता कशी तू तू दिसतेस." त्यांच्या हातांना खडूचा आणि साध्या साबणाचा वास यायचा. तसला वास घातलेली बरणी कोणी काढली तर मी दुप्पट भावाने घेईन.

आज त्या भेटल्या असत्या तर रुमालावर अर्धी वाटी भात निघाला असता.

प्रगतीचं म्हणायचं तर त्वचा खरंच मऊ झालीय. वांगाच्या आसपासचा भाग थोडा उजळलाही आहे. त्यामुळे वांग छान उठून दिसतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तांदळावर विसंबून चालणार नाही. चाळीस वर्षं आर्टिस्टबरोबर काढली, काही तरी शिकलेच असेन. उजेड बाजूने आला की एकेक सुरकुती उठते. वरून आला की डोळ्यांच्या खोबणी होतात. समोरून, मऊ, जरा पिवळा असेल तर सगळं पोटात घेतो.

तर – बैठकीतली ट्यूब काढून पिवळा दिवा बसवला. ह्यांची खुर्ची फिरवून ठेवली. पट्टी सुटेल तेव्हा हे असे बसतील, मी समोर उभी राहीन, उजेड ह्यांच्या पाठीमागून माझ्यावर. दोनदा उभी राहूनही पाहिलं. रिकाम्या खुर्चीकडे बघून हसून पाहिलं. कोणी बघितलं असतं तर ऑपरेशन आधी माझंच करायला घेतलं असतं.

संध्याकाळी हे खुर्चीला धडकले. नडगी सोलवटली. "खुर्ची कोणी हलवली?" – "झाडताना हलली." – "इतकी?"

आधी मुंग्या, आता नडगी. माझ्या सौंदर्याची किंमत हे मोजतायत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

झालं ऑपरेशन. आज उजवा, डावा महिन्याने. वीस मिनिटांत बाहेर आले, हातात बिस्किटाचा पुडा! डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू अगदी दगड झाला होता, त्याच्या मागचं आधी काही दिसतच नव्हतं. आठवड्याने आतून नीट तपासू.

पट्टी उद्या. आज जाड थर.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

माझा पिवळा दिवा, माझी फिरवलेली खुर्ची – सगळं घरी वाट बघत बसलं. पट्टी दवाखान्यातच काढली! नर्सने, मला न विचारता. डोक्यावर ट्यूब, उजेड थेट वरून. असल्या उजेडात ह्यांनी ओळखपत्राचासुद्धा फोटो काढू दिला नसता.

मी समोर उभी. पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. ह्यांनी पाहिलं.

मी अर्धा सेकंद मोजला. एक सेकंद मोजला. ह्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. मग मान जराशी वळवून म्हणाले, "अगं! केस केवढे पांढरे झाले तुझे!"

"आणि?"

"आणि... कानातलं नवीन आहे का?"

नर्स फिस्सकन हसली. कानातलं लेकीच्या लग्नातलं आहे.

चेहऱ्याबद्दल अक्षर नाही! सोळा रात्री भात थापला. ह्यांना दिसले काय – केस आणि कान.

२१ फेब्रुवारी, शनिवार

ह्यांना आता बरंच दिसतं. छताच्या कोपऱ्यातलं कोळिष्टक दिसलं. (नणंदबाईंना कळवायला हवं.) पडदे निळे आहेत हे कळलं. दाराशी ठेवलेली चप्पल चुकवून चालले. पेपर मात्र उघडत नाहीत. "उद्या वाचतो. घाई काय आहे?"

एक गोष्ट लिहू की नको, कळत नाही.

हे माझ्याकडे बघत नाहीत. मी बोलायला लागले की आधी माझ्याकडे वळतात आणि मग नजर बाजूला नेतात. कानाच्याही पलीकडे, कपाटावर नाहीतर भिंतीवर. एकदा नाही, दर वेळी. मी सरकून त्या बाजूला गेले तर नजर आणखी पुढे सरकली.

मी अर्ध्या सेकंदाला भीत होते. हे तर दिवसभर चाललंय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

नणंदबाई आल्या. हे त्यांच्याकडे बघत बोलले – अगदी सरळ! मी ताटलीत बिस्किटं मांडता मांडता पाहत होते.

"काय दादा, दिसते का मी?"

"तुझ्यात काय बघायचंय? तशीच असशील."

दोघं हसले. मग त्या माझ्याकडे वळल्या. "वहिनी, तोंड अगदी ओढल्यासारखं झालंय गं. दगदग फार होते ना?" म्हटलं, "हो ना. त्यात पाहुणे येतात."

त्या गेल्यावर न राहवून विचारलं, "माझ्याकडे बघायला जड जातं का तुम्हाला?"

"कोण म्हणालं?" असं म्हणाले आणि मोरीच्या भिंतीकडे पाहू लागले.

मी वाटीतला उरलेला भात चिमण्यांना टाकला. त्या तरी उजळ होवोत.

त्यांना दोष तरी काय देऊ? फोटो तसाच परत दिला तेव्हा तो वीस वर्षांच्या मुलीचा होता. त्यात काय मोठंसं! पण मीही ह्यांची ढिली पडलेली मान, हातांवरचे डाग, उरलेले चार केस रोज बघते. माझी नजर कधी भिंतीवर गेली नाही. एकदाही नाही.

अंथरुणात पाठ करून झोपले. आता अभ्रा चिकटणार नाही, तेवढंच सुख.

२५ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. हे म्हणाले, "सरळ बघितलं की मध्ये नुसता करडा गोळा दिसतो. पट्टी काढली तेव्हापासून." डॉक्टरांनी बराच वेळ आत पाहिलं. म्हणाले, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग आधीच गेलाय. परत यायचा नाही. डाव्याचंही बहुधा तेच असेल.

"मग घरात वावरता कसे?"

"कडेने दिसतं. हिला बघायचं असलं की हिच्या बाजूला बघतो. मग ही दिसते."

जिन्यात विचारलं, मला का नाही सांगितलंत? म्हणाले, "तू इतके दिवस भात लावत होतीस. कसं सांगू?"

दुपारी जेवायला बसलो. पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत हे फ्रिजकडे बघत होते.

मी मान हलवली नाही.