पाठवणीची रेकॉर्ड

४ मे, सोम.
फोनवर सगळी गाणी फुकट असताना रेकॉर्ड कशाला घ्यायची? आईने विचारलं. घरातली पहिली बी.ए. मी, आणि उत्तर काय दिलं? "आवाज वेगळा असतो," म्हटलं.
"वेगळा म्हंजे खरखर."
चंद्रपूरची पल्लवी, कॉलेजची मैत्रीण, तिचा गुलाबी प्लेअर घेऊन शनिवारी येणार. तिकडे पोरंपोरी जमून रेकॉर्ड ऐकतात. आमच्या गावात का नाही?

६ मे
बाबांची जुनी पेटी माळ्यावरून काढली. पूर्वी त्यांचं बिछायत-लाउडस्पीकरचं काम होतं, लग्नांना मांडव आणि भोंगा भाड्याने द्यायचे. प्रत्येक लग्नात चार रेकॉर्डी ठरलेल्या: हळदीची, वरातीची, जेवणाची, पाठवणीची. जी लागेल त्या कामाला गाव निघायचं. टिनाखालच्या उन्हाने तीन वाकून द्रोण झाल्या. एकीत आईने मोहफुलं ठेवलीत. धड राहिली ती पाठवणीची.
१७ला वरोऱ्याचे पाहुणे मला बघायला येणार. आई खूश. मला गडचिरोलीला एम.ए. करायचंय. हे आईला सांगायचं... उद्या.

९ मे, शनि.
काय झालं!
अंगणात आम्ही सहाजणी. माझा नियम: बाजू संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, मोबाइल पिशवीत. पल्लवीच्या रेकॉर्डी छान वाजल्या. पण बाबांना राहवेना. "एवढ्याशा आवाजात कोणाले ऐकू येते?" गेले, जुना भोंगा आणला, कडुनिंबाला बांधला, तार जोडली आणि आपली पाठवणीची रेकॉर्ड लावली.
दोन ओळी झाल्या नाहीत तोच शेजारच्या मंदाकाकू पदर डोळ्यांना लावत धावत आल्या. मागून आणखी बाया. दारात पल्लवीची गाडी, माझ्या हातात तिची रेकॉर्डींची बॅग. काकूंनी मला मिठीच मारली. "सांगतलं बी नाई वो कोणाले! असं गुपचूप लगन करतेत का?"
नियम माझाच. मी गप्प. बाकीच्याही गप्प. रडणं मात्र सगळ्यांचं सुरू. शेवटी शेवटी मीही रडले, कशाला ते माहीत नाही.
बाजू संपल्यावर खरं सांगितलं. तोवर बातमी बसस्टँडवर पोचली होती.

१० मे
वरोऱ्याहून फोन. "पोरगी गेली म्हणे सासरी?" आईने घाबरून फोन ठेवूनच दिला.
आई बाबांशी बोलत नाही. माझ्याशी एकच वाक्य: "लावली तुमी बापलेकीनं, निस्तरा तुमीच. फोन कर अन् सांग, निस्ती रेकॉर्ड होती म्हनून."
बाबा: "पर आवाज कसा कडक आला ना?"

११ मे
फोन केला नाही. नुसतं गप्प राहिले तरी स्थळ आपोआप टळतं. पण ते खोटंच की.
आईने दोनदा विचारलं. "केला का?" "करते."

१२ मे
केला. मुलानेच उचलला. एका दमात सांगितलं: लग्न झालेलं नाही, आणि एम.ए. होईपर्यंत करणार नाही, तेव्हा मला बघायला येऊ नका.
मग, "बरं. पन रेकॉर्ड खरीच लावली होती काय? भोंग्यावर?"
"हो."
"मंग रविवारी निस्तं ऐकाले आलो तर चालते काय?"
चालते म्हटलं.
आई आत रविवारसाठी पोहे निवडते आहे. "येतेत ना?" तिने विचारलं. येतेत म्हटलं. बाकीचं अजून सांगितलेलं नाही.