तळाला भोक पडणार नाही

नालवाडी, वर्धा
१८ डिसेंबर २०२४

प्रिय किशोरदादा,

नमस्कार. इथे आम्ही तिघंही बरी आहोत. थंडी चांगलीच पडली आहे, आईचे गुडघे कुरकुरतात आणि तुझं पार्सल परवा पोहोचलं. मी ते उघडलं, आतल्या जाळ्या आणि पाइप पाहिले, पुन्हा चिकटपट्टी लावली आणि माळ्यावर टाकून दिलं.

रविवारी तू कटर घेऊन येणार आहेस असं आईकडून कळलं. मला सांगायची तुझी हिंमत झाली नाही वाटतं. तर आता नीट वाच. बाबांच्या टाकीला तळाशी भोक पडणार नाही. फोनवर तू मला दोन वाक्यं धड बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

तू पुण्यात पोहण्याचे तलाव बांधतोस, तुझा धंदा तुला कळतो. पण सेवाग्रामच्या दवाखान्यात मी रोज लोकांचे लुळे पडलेले हातपाय हलवून घेते, तेव्हा माझा धंदाही मला कळतो. अर्धांगवायू झाल्यापासून बाबा जमिनीवर उभे राहिले की थरथरतात. छातीभर कोमट पाण्यात मात्र अकरा पावलं चालतात. म्हणून तर ही टाकी मागवली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, आत जाड कापड, जमिनीवर चार फूट उंच. मागच्या अंगणात ठेवली तेव्हा शेजारचा रुपेश विचारत होता, "मॅडम, म्हशीसाठी आणली का?" आता त्याच्याच दोन पोरी रविवारी त्यात डुंबायला येतात.

तुझं म्हणणं मला पाठ झालं आहे. पंप वरच्या तोंडातून पाणी ओढतो, त्यामुळे वरचंच गरम पाणी फिरत राहतं आणि तळ थंडच राहतो. तळाला भोक पाडून मेन ड्रेनचं तोंड बसवलं आणि तिथून पाणी ओढलं की सगळी टाकी सारखी तापते. खोटं नाही ते. मी थर्मामीटर लावून पाहिलं, वर तेहतीस आणि तळाला सत्तावीस. बाबांची पावलं गार पडायची आणि पायात गोळे येऊन ते ओरडायचे.

मग मी काय केलं ते ऐक. पंपातून परत येणाऱ्या पाण्याचं तोंड वर होतं, ते खाली आणि जरा तिरपं वळवलं. आता गरम पाणी तळाला घासत गोल फिरतं. शेतातल्या ठिबकच्या काळ्या नळ्या पत्र्यावर वेटोळं करून पंपाला जोडल्या, त्यामुळे ऊन पाणी तापवतं. संध्याकाळी वरून फोमचं झाकण घालते. गेले आठ दिवस वर बत्तीस आणि तळाला एकतीस आहे. राहिलेल्या एका अंशासाठी चांगलं कापड फाडू आणि खालची जमीन उकरू? माझ्याच्यानं होणार नाही.

आई माझ्यावर चिडली आहे. काल भाजी निवडता निवडता म्हणाली, "पोट्टं इतक्या दिवसानं घरी येऊन राह्यलं, अन् तू एका भोकासाठी कायले भांडून राह्यली?" 

कापड आणि एक अंश हे सगळं खरं असलं तरी पूर्ण खरं नाही. ते तुलाही कळलं होतं. मागच्या गुरुवारी तू फोनवर आधी समजावत होतास की दोन तोंडं बसवतो, वर फुगीर जाळी लावतो, कोणाचं काही अडकत नाही. मग एकदम थांबलास आणि म्हणालास, "तुले माह्यावर भरोसा नाई, सरळ सांग ना. तवा मी जाळी लावाले विसरलो, ते तू आजून धरून बसली." आणि फोन ठेवलास.

दादा, तू विसरला नव्हतास.

त्या दिवशी शेतातल्या हौदात मी मेथी धूत होते. मोटारीच्या पाइपाच्या तोंडाला बसवलेल्या जाळीत पानं अडकून पाणी चढेना. बाजाराची घाई होती, तुला हाक मारायचा कंटाळा आला, म्हणून मोटार बंद करून मीच हात घालून जाळी उपसली आणि मेथीच्या जुड्यांखाली टाकली. परत लावायची राहिली. मग तू मोटार पुन्हा चालू केलीस. आपली धाकटी गुंजन तळाशी पडलेलं गाजर काढायला बुडी मारून गेली आणि तिची वेणी पाइपात ओढली गेली. धावत जाऊन मोटार बंद करणारा तूच होतास. बाबांनी विळ्याने वेणी कापली, तिला बाहेर काढलं, आणि मग रबरी पाइप उचलून सगळ्यांसमोर तुला मारलं. जाळीचं काम तुझं, म्हणून चूक तुझी. तू सोळा वर्षांचा होतास आणि तुलाही खरंच वाटलं की आपण विसरलो. मी बारा वर्षांची होते. मी जुड्यांवर बसून होते.

बारावी होताच तू घर सोडलंस. बाबा आजारी पडल्यावरसुद्धा तू त्यांच्या खाटेजवळ बसला नाहीस, दारातूनच विचारपूस केलीस. मी हे सगळं बघत होते.

माफी मागायला हे लिहीत नाही. तेवीस वर्षांनी मागितलेल्या माफीला मीच किंमत देणार नाही. पण माझी चूक मी तुझ्या माथी आता एक दिवसही राहू देणार नाही. आणि रुपेशच्या पोरी लांब केस सोडून ज्या पाण्यात उतरतात, त्याच्या तळाला पाणी ओढणारं तोंड मी बसवू देणार नाही. त्यावर सोन्याची जाळी लावलीस तरी नाही. भरोसा तुझ्यावर आहे. जाळीवर नाही, कारण जाळी काढणारं कोणीतरी माझ्यासारखं असतंच.

गुंजनला तळेगावला फोन करून जाळीचं सांगितलं.  ती म्हणाली, "ताई, हे मले नको सांगू, बाबाले सांग."

काल सकाळी सांगितलं. बाबा पाण्यात चालत होते, सातव्या पावलावर थांबले. मी म्हटलं, "बाबा, जाळी दादानं नाही, मी काढली होती." त्यांना समजायला वेळ लागला. मग त्यांचा चांगला हात पाण्यावर आपटला. जीभ जड आहे, तरी शब्द स्पष्ट होते. "म्या मारलं त्याले. साऱ्या लोकायसमोर मारलं."

उरलेली चार पावलं चालून ते काठाशी आले. शेवटी विचारलं, "कवा येऊन राह्यला तो?" मी म्हटलं, रविवारी. तर म्हणाले, "मले दारात उभं करजो."

जमिनीवर ते दोन मिनिटांपेक्षा जास्त उभे राहू शकत नाहीत, दादा. म्हणून स्टेशनवर उतरल्यावर नको, नालवाडीच्या वळणावर आल्यावर फोन कर. मी त्यांना तेव्हाच उठवीन.

जाळी काढणारी,
मंजुषा