अर्ध्या तिकिटाचं वय

३ डिसेंबर

एसटीचं अर्धं तिकीट — आमगाव ते गोंदिया, आठवड्यात दोन खेपा, तीन वर्षं. वाचले नऊ हजार, फार तर साडेनऊ. किंमत पडली एक पिशवी रक्त. बी निगेटिव्ह. आणि ती पिशवी माझ्या टीनाला पाहिजे.

पोरीला नववा लागला आहे. अंगात रक्त साडेसहा. मूल आडवं, सिझर करावंच लागणार, तारीख बारा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन पिशव्या हाताशी आल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. मी हसलो. म्हटलं, मॅडम, एक पिशवी तर तुमच्यासमोर खुर्चीवर बसली आहे. टीनाचा गट माझाच. अठ्ठावीस वेळा दिलं आहे. बाकीचे सुई पाहून मान फिरवतात, मी नस दाखवतो.

रक्तपेढीत आता आधार कार्ड मागतात. आजवर फॉर्मवर वय मीच लिहायचो, कोणी विचारलं नाही. काउंटरवर रुची नावाची पोरगी. तिने कार्ड पाहिलं, मग मला.

"काका, इसमें तो सडसठ है. पैंसठ के बाद नहीं लेते."

"असली उमर एकसठ है, बेटी."

"मग कार्ड खोटं, की तुम्ही?"

कार्ड मुकाट खिशात घातलं. मी! स्टेशनवर चणे विकून मांडव-गाद्या भाड्याने द्यायचं बिछायत केंद्र उभं केलं ते तोंडाच्या जोरावरच.

आधारचं शिबिर लागलं तेव्हा गावात जन्माचा कागद कोणाकडेच नव्हता. सांगाल ते लिहायचे. बाकीच्यांनी अंदाजाने काही तरी सांगितलं. मी डोकं लावलं, सहा वर्षं वाढवली; म्हणून कार्डावर आज सदुसष्ट. पासष्टीला अर्धं तिकीट! सरकारला पूर्ण सहा वर्षांनी फसवलं, हे पानठेल्यावर किती जणांना सांगितलं असेल.

बाहेर निघालो तर पडद्यामागे रुची कोणाला तरी सांगत होती — हाफ टिकट के चक्कर में बेटी का खून गया. कान माझे पहिल्यापासून तिखट. आज नसते तर बरं झालं असतं.

४ डिसेंबर

जावई अश्विन नागपुरात चार पेढ्या फिरला. एक पिशवी मिळाली. थर्माकोलचा डबा पूर्ण रस्ता मांडीवर घेऊन बसला म्हणे. "एकच होती, मामाजी." माफी मागितल्यासारखा बोलला. माफी त्याने कायले मागावी!

एक झाली. एक राहिली.

६ डिसेंबर

तिरोड्याला एकजण सापडला, लीलाधर. तिथल्या वीज प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला आहे, गट बी निगेटिव्ह. स्वतः गाडी घेऊन गेलो. रस्त्यात कळलं, सकाळपासून उपाशी! म्हणे, रक्त तपासाले उपाशीच लागते ना? लग्नाच्या वऱ्हाडासारखं त्याला खाऊ घातलं. पोहे, केळी, दोन ग्लास पाणी. सगळं समजावलं. टोचेल मुंगी चावल्यासारखं. हातात चेंडू देतील, तो दाबत राहा. दहा मिनिटं. मग चहा-बिस्कीट, आणि लगेच उठायचं नाही. तो शाळेतल्या पोरासारखा मान हलवत होता.

पेढीत वजन ठीक, बीपी ठीक, रक्त चौदा. मी खुर्चीत पाय पसरले. मग त्याने बाही वर केली. दंडावर गोंदलेलं — मुलीचं नाव, काळंभोर, नवंकोरं. महिन्यामागे दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत गोंदवलं होतं. घेत नाहीत. सुईतून आजार येऊ शकतो, वर्षभर थांबा म्हणाले.

लीलाधर बाहेर येऊन रडला. "पोरीचंच नाव होतं जी." त्याला काय बोलणार? माझ्याही पोरीचंच काम होतं.

परतताना त्याने गाडीच्या डिझेलचे पैसे द्यायला काढले. घेतले नाहीत.

७ डिसेंबर

टीनाचे ओठ पांढरे. पाच पायऱ्या चढली, तीनदा थांबली. "बाबूजी, तुम्ही टेन्शन घेऊन राहिले का?" म्हटलं, नाही. तिचेही कान माझ्यासारखेच. त्या 'नाही'मागचं ऐकलं तिने.

८ डिसेंबर

पुन्हा पेढीत. या वेळी थेट मोठ्या डॉक्टरांकडे. हात जोडले. माणूस सरळ आहे. म्हणाले, वयाची अट माझ्यासाठी नाही, तुमच्या हृदयासाठी आहे. खुर्चीत तुम्ही कोसळलात तर मुलीला दुसरी पिशवी कोण देईल? मी रक्तदानाची अठ्ठावीस कार्डं टेबलावर मांडली. त्यांनी एकेक पाहिलं. शेवटी म्हणाले, शाळेचा पुरावा आणा. त्यावर पासष्टच्या आत असाल तर मी स्वतः सुई लावतो.

चार दिवस आहेत. नागपूर रोज "नाही" म्हणते. रायपूरलाही फोन झाले, तिथेही नाही. आता शाळाच.

९ डिसेंबर

गावच्या शाळेत गेलो. हेडमास्तर पंचायत समितीत मीटिंगला. उद्या या.

ओट्यावर बसून राहिलो. वयाची काळजी नाही. आई सांगायची, गावतलाव फुटला त्या साली तू टोपल्यात होतास, तुला डोक्यावर घेऊन मी बांधाच्या पाळीवर चढले. पाळ पुन्हा आमच्याच लोकांनी बांधली, तिच्या दगडावर साल कोरलं आहे — १९६४. त्यावरूनच मी एकसष्ट मोजतो. दाखला निघाला की उद्याच गोंदिया. घरून जेवून निघायचं, पाणी भरपूर प्यायचं.

अश्विनला फोनवर सांगितलं, उद्या दुसरी पिशवी येते. टीना मागे होती. पहिल्यांदा हसल्याचं ऐकू आलं.

१० डिसेंबर

हेडमास्तरांनी जुनं दाखल-खारीज रजिस्टर झटकून उघडलं. माझं नाव, वडिलांचं नाव, दोन्ही बरोबर. पहिलीत दाखल — १ जुलै १९६५. वय — सहा पूर्ण.

टोपल्यात कोण होतं, सांगायला आई नाही.

म्हणजे आज सहासष्ट. आधार कार्डात मी एकच वर्ष खोटं बोललो होतो.