कितीही पिढ्या खाली

४ फेब्रुवारी

जमलं! एका ओळीत जमलं!

चार महिने डोकं फोडत होते. आमच्या दवाखान्यात हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याच्या आजाराच्या वंशावळी आहेत. आजार आईबापांकडून मुलांत उतरतो, म्हणून. दोनशे बारा घराणी, नऊ हजारांच्या आसपास माणसं. डॉक्टरीणबाईंनी काही विचारलं की मला दर वेळी नवा प्रोग्रॅम लिहावा लागायचा. पेशंटच्या मामाच्या मुली — दोन दिवस. चुलतआजोबांची नातवंडं — आठवडा! आता नुसती वाट लिहायची: पेशंट / आई / भाऊ / मुली. कॉम्प्युटर त्या वाटेनं एकेक नातं ओलांडत जातो आणि मुलींची यादी आणून समोर ठेवतो.

चहा गार झाला. तसाच प्यायले.

६ फेब्रुवारी

नवऱ्याला सगळं समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझ्या चष्म्याची वाट लिही." मी लिहिली: घर / स्वयंपाकघर / फ्रिज / वरती. होता तिथेच!

९ फेब्रुवारी

आजची कमाई — दोन तिरप्या रेघा. एक रेघ म्हणजे एक पिढी, दोन रेघा म्हणजे कितीही पिढ्या खाली! पुढे कंसात अट घालायची: तपासणी न झालेले. पणजोबांपासून सुरुवात केली तर पाच महिन्यांच्या बाळापर्यंत सगळे आले. दिवसभर स्वतःवरच खूश.

१३ फेब्रुवारी

वाट लावली. अगदी शब्दशः.

आतापर्यंत वाटेनं फक्त वाचत होतो. आज त्याच वाटेनं नोंद बदलायची होती — एका पेशंटच्या भाच्यांपुढे 'बोलवा' अशी खूण. वाटेचा पुढचा भाग लिहायचा राहिला, उरल्या नुसत्या दोन रेघा. नऊच्या नऊ हजार माणसांपुढे 'बोलवा'! नातेवाइकांना फोन करणाऱ्या ताई माझ्या शेजारीच बसतात. त्यांनी यादीतला तिसरा फोन लावला तो अकरा वर्षांपूर्वी वारलेल्या गृहस्थांच्या घरी. त्यांच्या पत्नीनं उचलला. यांना यायला जमणार नाही, असं त्या शांतपणे म्हणाल्या म्हणे. ताई हसू की रडू अशा.

दुपारपर्यंत कालची प्रत परत चढवली. आता नियम: वाट लिहिली की आधी आकडा दिसणार, मग 'नक्की?' विचारणार, मगच नोंद बदलणार. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "माणसं मोजून मग हात लाव," एवढंच.

१९ फेब्रुवारी

एकच बाई दोन घराण्यांत! एकीकडे माहेरच्या नावानं, दुसरीकडे सासरच्या. आमच्याकडे त्या दोन वेगळ्या बाया, म्हणून वाट तिथे येऊन अडायची. जन्मतारीख आणि आईचं नाव जुळवून अशा बेचाळीस जणींच्या दोन-दोन नोंदी एक केल्या. वाट आता या घरातून त्या घरात सरळ जाते.

२० फेब्रुवारी

बेचाळीस नाही, त्रेचाळीस.

२६ फेब्रुवारी

अक्षर वाईट येतंय, तरी आजच लिहून ठेवते.

त्या त्रेचाळिसाव्या बाईंच्या खाली एक नात निघाली. सव्वीस वर्षांची, पोहायला शिकवते. या घराण्यात आजार आहे हे तिच्या घरात कोणाला ठाऊकच नव्हतं. ताईंनी बोलावलं, ती कंटाळत आली, मला काही होत नाही म्हणत पलंगावर झोपली. सोनोग्राफीत स्नायू भलताच जाड. दर रविवारी दोन किलोमीटर पोहायची मुलगी! डॉक्टरीणबाई बाहेर येऊन माझ्या खुर्चीशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वेळेत आली."

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. घरी येताना चालतच आले, पाऊण तास. ते अंतर कळलंच नाही.

३ मार्च

यादी फार लांब झाली आहे, ज्यांना गरज नाही त्यांना विनाकारण घाबरवू नका, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बरोबर आहे! रक्ताचं नातं नसेल तर आजार उतरणारच नाही. जुन्या कागदांवर दत्तक मुलांच्या डोक्यावर तुटक रेघ आहे. तीच अट घातली. आकडा आला एकतीस. 'नक्की?' — हो. एका ओळीत एकतीस नावं यादीतून बाहेर. काय सुरेख चालतं हे!

ताईंनी आणखी एक मागणी केली. लोक 'आधी बोलावलं, आता का नको?' विचारतात, मग त्यांना दर वेळी माझ्याकडे येऊन विचारावं लागतं. म्हणून नावापुढे कारणाचा रकाना दिला. पाच मिनिटांचं काम.

८ मार्च

राजधानीच्या मोठ्या दवाखान्यातून पत्र. आमची पद्धत त्यांना हवी आहे! डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. नवऱ्याला फोन केला तर तो भर मीटिंगमध्ये ओरडला म्हणे.

१२ मार्च

सकाळी एक बाई आल्या. चाळिशीच्या. परवा ताईंनी त्यांना कळवलं होतं की तुम्हाला तपासणीची गरज नाही. त्यांनी कारण विचारलं. ताईंनी रकाना वाचून दाखवला: दत्तक.

त्या बाईंना माहीत नव्हतं. आजपर्यंत कोणीच सांगितलं नव्हतं.

मी माफी मागायला लागले, त्यांनी हातानं थांबवलं. समोरच्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "ती वाट वरही जाते ना? माझ्यापासून माझ्या आईपर्यंत लिहून बघा."

काय येणार ते मला ठाऊक होतं; जन्म देणाऱ्या आईची नोंद आमच्याकडे नाहीच. तरी लिहिली. शून्य नोंदी.

त्या म्हणाल्या, परत एकदा लिहा.

लिहिली.