सारवलेलं कोर्ट

मंगळवार, जळगाव. संध्याकाळ.

स्मरणिका आज छापून आली. आमच्या आंतरराष्ट्रीय महिला टेनिस स्पर्धेचा इतिहास, लेखिका मीच. त्यात दरवर्षीच्या विजेत्या आहेत, पाहुणे आहेत, समिती आहे, मंडपवालासुद्धा आहे. सीताअक्का नाही.

सुरुवातीची कितीतरी वर्षं सामने शेणाने सारवलेल्या कोर्टावर झाले. रोज पहाटे अक्का ते सारवायची. मागे मागे सरकत, म्हणजे स्वतःचं पाऊल उमटायला नको. त्यावर चेंडू एकसारखा उसळतो म्हणून परदेशी मुली कौतुक करायच्या. हे सगळं मी लिहिलं होतं. समितीचे नाना म्हणाले, "बाहेरच्या खेळाडू वाचतील, तिथे शेण कशाला? मातीचं कोर्ट म्हणा." मी तसंच लिहिलं. शेणाबरोबर अक्काही कापली गेली. भांडले का नाही मी? मुखपृष्ठावर माझं नाव हवं होतं, दुसरं काय.

मघाशी अक्का घरी आली. आधी हात धुतले, पदराला पुसले, मग स्मरणिका हातात घेतली. तिला अक्षर येत नाही. कोर्टाच्या जुन्या फोटोवर बराच वेळ हात फिरवत राहिली. फोटोतही पाऊल कुठे नाही.

"मन्हं नाव शे का यामा?"

"आहे, अक्का."

"कोठे?"

मी बोट ठेवलं. नानांच्या नावावर. तिने ते पान कपाळाला लावलं आणि प्रत पिशवीत घातली.

"नातीले दखाडसू," म्हणाली. "तिले वाचता येस."